स्वेटर खरंच गरम असतो का? प्राथमिक शाळेतलं विज्ञान आणि तंत्रज्ञान समजून घेताना

नऊ-दहा वर्षांच्या मुलांना विचारून बघा, ‘स्वेटर गरम असतो का?’ बहुतेक सगळी ‘हो’ म्हणतील. का म्हणणार नाहीत? थंडीत तो घातला की ऊब येते, आणि मोठी माणसंही ‘गरम कपडे घाल’ असंच सांगत असतात. अमेरिकेतल्या एका चौथीच्या वर्गात मुलांनी हेच उत्तर दिलं, तेव्हा त्यांच्या शिक्षिकेने ते खोडून काढलं नाही. तिने मुलांच्या हातात थर्मामीटर दिले. मुलांनी ते स्वेटरमध्ये, टोपीत, गुंडाळलेल्या गालिच्यात ठेवले आणि पारा किती चढतो याची वाट बघत बसली. पारा ढिम्म हलला नाही.

प्रयोग झाला, निकाल लागला, पाठ इथे संपायला हवा होता. पण मुलांनी निकाल मानलाच नाही. वेळ कमी पडला असेल, म्हणून त्यांनी थर्मामीटर रात्रभर ठेवले. बाहेरची थंड हवा आत शिरत असेल, म्हणून सगळं प्लास्टिकच्या पिशव्यांत बंद केलं. आकडा तोच राहिला. काहींचं मत डळमळलं, काही मात्र अडून बसली. १९९०मध्ये या वर्गाविषयी एक लेख प्रसिद्ध झाला. लहान मुलांना विज्ञान शिकवणं इतकं अवघड का असतं हे सांगायला मला तरी याहून चांगलं उदाहरण माहीत नाही.

आधी स्वेटरचा हिशेब पुरा करू. स्वेटर उष्णता तयार करत नाही. लोकरीच्या धाग्यांमध्ये हवा अडकून राहते, आणि अशा अडकलेल्या हवेतून उष्णता फार हळू जाते. उष्णता तयार करतं ते आपलं शरीर; स्वेटर तिला पटकन निसटू देत नाही, एवढंच. म्हणूनच बर्फाचा खडा स्वेटरमध्ये गुंडाळून ठेवला तर तो उघड्यावरच्या खड्यापेक्षा उशिरा वितळतो, कारण आता बाहेरच्या उष्णतेची आत जाण्याची वाट अडलेली असते. माझ्या मते बर्फाचा हा प्रयोग थर्मामीटरच्या प्रयोगाहून जास्त कामाचा आहे. थर्मामीटर फक्त ‘काही घडलं नाही’ एवढंच सांगतो, आणि काही न घडण्याला सबबी शंभर सापडतात. बर्फाच्या बाबतीत मुलांचा अंदाज सरळ उलटा पडतो. तिथे सबब शोधायला बरेच कष्ट पडतात.

त्या मुलांना हट्टी म्हणण्याची घाई मात्र करू नये. युरेनस ग्रह न्यूटनच्या नियमांप्रमाणे जिथे दिसायला हवा तिथे दिसत नव्हता, तेव्हा खगोलशास्त्रज्ञांनी न्यूटनला मोडीत काढलं नाही. पलीकडे आणखी एखादा ग्रह त्याला ओढत असेल, असं ते म्हणाले, आणि १८४६मध्ये नेपच्यून सापडला. पुढे बुधाच्या कक्षेतही थोडा फरक आढळला. नेपच्यूनचं गणित मांडणाऱ्या ल वेरिए यांनी पुन्हा तोच उपाय केला: सूर्याजवळ आणखी एक ग्रह असणार. त्याला व्हल्कन असं नावसुद्धा देऊन झालं. तो ग्रह कधीच सापडला नाही, कारण तो नव्हताच. बुधाचं कोडं १९१५मध्ये आइन्स्टाइन यांच्या सामान्य सापेक्षता सिद्धान्ताने सोडवलं. तेव्हा आपली कल्पना धरून ठेवून प्रयोगावरच शंका घेणं हे काही विज्ञानाला सोडून वागणं नव्हे. अवघड भाग पुढचा आहे. कल्पनेला कुठवर धरून ठेवायचं, आणि पुढचा प्रयोग असा कसा रचायचा की पळवाट उरणार नाही? वस्तूला प्रश्न विचारण्याची ही रीत मुलांना आपोआप येत नाही. प्राथमिक शाळेतल्या विज्ञानाचं खरं काम ती शिकवण्याचं आहे, आणि नेमकं तेच बहुतेक वेळा राहून जातं.

कोरी पाटी कुणीच आणत नाही

मूल शाळेत येतं तेव्हा जगाबद्दलचे त्याचे सिद्धान्त तयार असतात. जड वस्तू बुडतात, हलक्या तरंगतात. झाडं माती खाऊन वाढतात. ढग आपल्या मर्जीने चालतात. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी १९२०च्या दशकात मुलांशी निवांत गप्पा मारून असे विचार टिपायला सुरुवात केली. मुलांची विचारशक्ती ठरावीक वयात ठरावीक पायऱ्या चढते, या त्यांच्या मांडणीला नंतर बऱ्याच दुरुस्त्या झाल्या; ओळखीच्या गोष्टींबद्दल विचारलं तर मुलं त्यांनी मानलं त्याहून कितीतरी जास्त तर्क करू शकतात. पण मुलाच्या चुकीच्या उत्तरामागेही काही तर्क असतो आणि तो ऐकून घेण्यासारखा असतो, हे त्यांचं म्हणणं टिकून आहे.

१९९२मध्ये स्टेला वोस्नियाडू आणि विल्यम ब्रूअर या संशोधकांनी पहिली, तिसरी आणि पाचवीतल्या ६० मुलांना पृथ्वीबद्दल विचारलं. ‘पृथ्वी गोल आहे’ हे उत्तर मुलांना येतच होतं. मग त्यांनी पुढे विचारलं: सरळ चालतच राहिलं तर कुठे पोहोचशील? तिथे कड असेल का? कडेवरून पडशील का? आता गंमत सुरू झाली. काही मुलांची पृथ्वी गोल होती, पण थाळीसारखी. काहींची पृथ्वी चेंडूसारखी, पण आतून पोकळ. माणसं आत सपाट तळावर राहतात आणि आकाश वर टोपणासारखं. काहींनी तर दोन पृथ्व्या मानल्या होत्या, एक आकाशातली गोल आणि एक आपण राहतो ती सपाट. पुढे इतर संशोधकांनी या अभ्यासावर आक्षेप घेतला: प्रश्नांची पद्धतच मुलांना गोंधळात टाकणारी होती, चित्रं दाखवून विचारलं तर मुलांना बरंच जास्त माहीत असल्याचं दिसतं. आक्षेपात तथ्य आहे. तरी ‘गोल’ म्हणता येणं आणि गोल पृथ्वीवर आपण कसे उभे आहोत हे समजणं यांत अंतर असतं, एवढं तरी या वादातून शाबूत राहतं.

हे अंतर वयाबरोबर मिटतं असंही नाही. १९८७मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात विद्यार्थी, प्राध्यापक आणि माजी विद्यार्थी मिळून २३ जणांना विचारण्यात आलं, की ऋतू का बदलतात किंवा चंद्राच्या कला कशा होतात. २१ जणांची उत्तरं चुकली. ऋतूंबद्दलची नेहमीची चूक अशी, की उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, साधारण १४.७ कोटी किलोमीटरवर. जुलैच्या सुरुवातीला ती १५.२ कोटी किलोमीटरवर असते. ऋतू होतात ते पृथ्वीचा अक्ष सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे. ज्या गोलार्धाचा कल सूर्याकडे, तिथे ऊन जास्त सरळ पडतं आणि दिवस मोठा असतो. उत्तर गोलार्धात उन्हाळा असतो तेव्हा दक्षिणेत हिवाळा असतो, ही एकच गोष्ट अंतराच्या कल्पनेला निकालात काढते. तरी ती टिकते, कारण जाळाच्या जवळ गेलं की जास्त ऊब लागते हा अनुभव प्रत्येकाच्या पदरी असतो. त्यात पुस्तकांतली चित्रंही भर घालतात. पृथ्वीची कक्षा जवळजवळ वर्तुळ आहे, पण ती तिरप्या कोनातून दाखवताना लांबट अंडाकृती होते, आणि मूल त्यातून ‘जवळ’ आणि ‘लांब’ एवढंच वाचतं.

झाडांचं उदाहरण मला याहून आवडतं, कारण त्यात एका मोठ्या माणसाची फजिती आहे. सतराव्या शतकातले शास्त्रज्ञ यान बाप्टिस्ट व्हान हेल्माँट यांनी २०० पौंड, म्हणजे साधारण ९० किलो, कोरडी माती मोजून कुंडीत घातली आणि त्यात ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं. पाच वर्षं फक्त पाणी घातलं. शेवटी झाड १६९ पौंडांवर गेलं होतं आणि माती घटली होती अवघी दोन औंस. हा प्रयोग त्यांच्या मृत्यूनंतर १६४८मध्ये छापला गेला. झाड माती खाऊन वाढत नाही, हे इतक्या स्वच्छपणे आधी कुणी दाखवलं नव्हतं. मग त्यांनी निष्कर्ष काढला की झाड सगळं पाण्यातूनच बनलं. तोही चुकलाच. लाकडातला कार्बन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून येतो. आणि कोळसा जळताना निघणाऱ्या या वायूचा अभ्यास खुद्द व्हान हेल्माँट यांनीच केला होता! मोजमाप बिनचूक होतं, पण हवेला वजन आहे आणि तिचं झाड होऊ शकतं, हे त्यांच्या यादीतच नव्हतं. तिसरीतलं मूल ‘झाड मातीपासून बनतं’ असं लिहितं तेव्हा ते बऱ्यापैकी प्रतिष्ठित संगतीत असतं.

सांगून टाकावं की मोकळं सोडावं?

शिक्षणाच्या चर्चेत इथे दोन तट पडतात. एक म्हणतो, मुलांना साहित्य द्या, ती स्वतः शोधतील. दुसरा म्हणतो, शोधायला न्यूटनला आयुष्य लागलं, मुलांकडे पस्तीस मिनिटांचा तास आहे; सरळ सांगा.

या वादावर काही नेमके अभ्यास झाले आहेत. कार्नेगी मेलन विद्यापीठातले डेव्हिड क्लार आणि त्यांचे सहकारी मुलांना उतारावरून चेंडू सोडायला देत. उतार जास्त तीव्र किंवा कमी तीव्र करता येई, त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत किंवा खरखरीत ठेवता येई, चेंडू वरून सोडायचा की मधून हे निवडता येई, आणि चेंडूही दोन प्रकारचे होते. प्रश्न असा: उताराच्या तीव्रतेने फरक पडतो का, हे कसं शोधशील? बहुतेक मुलं एका बाजूला तीव्र, गुळगुळीत उतार आणि एक चेंडू घेतात, दुसऱ्या बाजूला कमी तीव्र, खरखरीत उतार आणि दुसराच चेंडू. पहिला चेंडू लांब जातो आणि मूल म्हणतं, ‘बघा, तीव्रतेमुळे!’ पण तो गुळगुळीत पृष्ठभागामुळेही गेला असेल, चेंडूमुळेही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सगळं सारखं ठेवायचं, हा विज्ञानातला पाया आहे. मोठ्यांना तो इतका उघड वाटतो की तो शिकवावा लागतो हेच सुचत नाही.

१९९९च्या अभ्यासात दिसलं की सात ते दहा वर्षांच्या मुलांना हे तत्त्व उदाहरणं देऊन स्पष्टपणे समजावलं, तर ती ते शिकतात, आणि मोठी मुलं ते दुसऱ्याच प्रयोगातही वापरू शकतात. २००४च्या अभ्यासात तिसरी-चौथीतल्या मुलांचे दोन गट केले. एका गटाला चांगला आणि फसवा प्रयोग शेजारी शेजारी दाखवून फरक समजावला. दुसऱ्याला तेच साहित्य देऊन नुसतं करू दिलं. पहिल्या गटातल्या ७७ टक्के मुलांना पद्धत नीट जमली, दुसऱ्यातल्या २३ टक्के मुलांना. ‘मुलं आपसूक शिकतात’ असं म्हणणाऱ्यांनी हा फरक मनावर घ्यायला हवा.

पण दुसऱ्या तटानेही जिंकल्याच्या थाटात मिरवू नये. २०११मध्ये एलिझाबेथ बोनाविट्झ आणि सहकाऱ्यांनी चार-पाच वर्षांच्या मुलांना एक खेळणं दिलं. त्यात चार गमती दडवलेल्या होत्या: एक नळी ओढली की आवाज, एके ठिकाणी दिवा, एके ठिकाणी संगीत, एका नळीत आरसा. काही मुलांना मोठ्या माणसाने शिकवण्याच्या सुरात ‘हे बघ, हे असं चालतं’ म्हणून फक्त आवाजाची नळी दाखवली. ही मुलं तेवढंच करत राहिली आणि बाकीच्या गमती त्यांनी कमी शोधल्या. ज्यांना काही शिकवलं नव्हतं ती जास्त वेळ खेळली आणि त्यांनी जास्त शोधून काढलं. मुलांचा तर्क तसा बरोबरच आहे. बाईंनी एवढंच दाखवलं, म्हणजे दाखवण्यासारखं एवढंच असणार.

दोन्ही निकाल एकत्र ठेवले की माझ्या दृष्टीने वाद जवळपास मिटतो. कसं तपासायचं ते मुलांना उघडपणे शिकवावं. काय सापडणार ते मात्र आधी सांगू नये. आपल्याकडचे बहुतेक पाठ याच्या नेमके उलटे चालतात: प्रयोगाच्या शीर्षकातच निष्कर्ष लिहिलेला असतो आणि कृती मात्र ‘पुढीलप्रमाणे करा’ म्हणून बिनकारणाची दिलेली असते.

अंदाज आधी, आणि तोही लिहून

वर्गात करता येईल असा एक सोपा क्रम ऑस्ट्रेलियातल्या रिचर्ड व्हाइट आणि रिचर्ड गन्स्टन यांनी १९९०च्या सुमारास रूढ केला: आधी अंदाज, मग निरीक्षण, मग स्पष्टीकरण. ऐकायला यात काही नवं नाही. पण अंदाज लिहून घेण्यावर सगळं अवलंबून आहे. तोंडी अंदाज मुलं सोयीने विसरतात. निकाल दिसला की ‘मला वाटलंच होतं’. वहीत लिहिलेला अंदाज मुकाट्याने तिथे बसून असतो.

मातीकामाच्या चिकणमातीचा गोळा घ्या. पाण्यात टाकला तर तो बुडेल, हे सगळे सांगतात. आता तीच माती चपटी करून तिच्या कडा वर उचलल्या तर? वर्ग दुभंगतो. ‘माती तीच, वजन तेच, मग बुडणारच’ असं म्हणणाऱ्या मुलाचं आधी कौतुक करावं. तर्क पक्का आहे. मग होडी तरंगते आणि ‘जड ते बुडतं’ हा नियम अडचणीत येतो. इथून खरी चर्चा सुरू होते. होडी जास्त पाणी बाजूला सारते, आणि बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतक्या जोराने पाणी तिला वर ढकलतं. हे आर्किमिडीजचं तत्त्व चौथीत सूत्र म्हणून सांगायची गरज नाही. होडीत एक एक गोटी टाकत ती पाण्यात किती खाली जाते याच्या खुणा केल्या तरी पुरे.

चर्चा होण्यासाठी शिक्षकाने थोडं गप्प बसावं लागतं, आणि हे भल्याभल्यांना जमत नाही. मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांतली ध्वनिमुद्रणं तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एकच सेकंद थांबत आणि मग स्वतः उत्तर देत किंवा दुसऱ्या मुलाकडे वळत. हीच वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढवली तर मुलांची उत्तरं लांबतात, त्यांत कारणं येतात, एरवी गप्प बसणारी मुलं बोलतात. तीन सेकंद! खर्च शून्य. कुठल्याही शिक्षण-सुधारणेचा इतका स्वस्त उपाय मी दुसरा पाहिलेला नाही.

वहीबद्दलही थोडं. १९९२मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवणारे जॉर्ज शार्पाक यांनी १९९६मध्ये फ्रान्समधल्या प्राथमिक शाळांसाठी हाताने प्रयोग करत विज्ञान शिकण्याचा एक मोठा उपक्रम सुरू केला. त्यात प्रत्येक मुलाची प्रयोगवही असते आणि ती मुलाच्या स्वतःच्या शब्दांत, चुकांसकट लिहिलेली असते. फळ्यावरून उतरवलेली, एकाच वळणाची पस्तीस देखणी वर्णनं असलेल्या वह्यांचा गठ्ठा मुलांना काय समजलं याबद्दल अक्षरशः काहीच सांगत नाही.

तंत्रज्ञान म्हणजे पडदा नव्हे

प्राथमिक शाळेत तंत्रज्ञान म्हटलं की संगणकाची खोली किंवा टॅब्लेट डोळ्यांसमोर येतो. मुलांचंही तेच होतं. बॉस्टनच्या विज्ञान संग्रहालयाने २००३मध्ये प्राथमिक वर्गांसाठी अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम सुरू केला, त्याच्या कामातून दिसलं की ‘यातलं तंत्रज्ञान कोणतं?’ असं चित्रं देऊन विचारलं की मुलं विजेवर चालणाऱ्या वस्तू निवडतात आणि कप, बूट अशा वस्तू सोडून देतात. पण बूटही कुणीतरी एखादी अडचण सोडवण्यासाठी, हाताशी असलेल्या साहित्यातून, विचार करून घडवलेला असतो. तंत्रज्ञान ते हेच.

एक कागद आणि पुस्तकांचे दोन ढीग घ्या. ढिगांवर कागद आडवा टाकून पूल करा आणि त्यावर नाणी ठेवा. सपाट कागद लगेच कोसळतो. त्याच कागदाच्या पंख्यासारख्या घड्या घातल्या तर तो बरंच वजन पेलतो. कागद तोच, त्याचं वजनही तेच. फरक एवढाच की आता कागदाला उंची आली, आणि वाकण्याला होणारा विरोध उंचीबरोबर झपाट्याने वाढतो. पन्हळी पत्रा आणि खोक्याचा पुठ्ठा याच जोरावर उभे असतात. आता मुलांना अट घाला: कागद एकच, डिंक नाही, आणि पूल जास्तीत जास्त नाणी पेलणारा हवा. विज्ञानाच्या तासाला प्रश्न होता ‘कशामुळे फरक पडतो’; इथे प्रश्न आहे ‘या अटींत काम कसं होईल’. बरोबर उत्तरं अनेक असतात, आणि निवाडा बाईंचा नसून पुलाचा असतो. पूल पडला की नापास झाल्यासारखं वाटत नाही, कुठून वाकला ते बघून मूल दुसरी घडी घालतं. परीक्षेत चूक झाली की तीच मुलं वही झाकतात.

सेल, बल्ब आणि तार या तीनच वस्तूंमध्ये विज्ञान आणि तंत्रज्ञान दोन्ही मावतात. न्यूझीलंडमध्ये रॉजर ऑस्बोर्न यांनी मुलांच्या विजेबद्दलच्या कल्पना गोळा केल्या, तेव्हा त्या चार तऱ्हांच्या निघाल्या. पहिली, एकाच तारेतून वीज बल्बपर्यंत जाते आणि तिथेच संपते. दुसरी, दोन्ही टोकांकडून वीज येते आणि बल्बमध्ये टक्कर होऊन उजेड पडतो. तिसरी, वीज गोल फिरते पण बल्ब थोडी खाऊन टाकतो, म्हणून परत जाताना ती कमी असते. चौथी, जी विज्ञानाची आहे: वाटेत सगळीकडे प्रवाह सारखाच असतो, बल्ब ऊर्जा घेतो, प्रवाह नव्हे. पहिली कल्पना एका तारेने बल्ब पेटवायला लावलं की पडते. तिसरी मात्र चिवट असते, आणि मोठ्यांमध्येही सर्रास सापडते. या सगळ्यासाठी दीड व्होल्टचा साधा सेल पुरतो. भिंतीतल्या प्लगला प्रयोगासाठी हात लावायचा नाही, हे पहिल्याच दिवशी ठणकावून सांगावं; आणि बटणाएवढे छोटे सेल लहान मुलांच्या वर्गात आणूच नयेत. गिळले गेले तर काही तासांत अन्ननलिका भाजू शकते.

संगणकाबद्दल मी थोडा हात राखून बोलेन. मुलांसाठी प्रोग्रॅमिंगची कल्पना नवी नाही. लोगो ही भाषा १९६७मध्ये आली. तिच्यातल्या कासवाला ‘पुढे जा, उजवीकडे वळ’ अशा आज्ञा देत मुलं चौकोन आणि तारे काढत. सिमोर पॅपर्ट हे तिच्या निर्मात्यांपैकी एक, आणि त्यांनी पियाजे यांच्यासोबत काम केलेलं होतं. २००७मध्ये एमआयटी या अमेरिकन विद्यापीठाने मुलांसाठी स्क्रॅच ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणली, २०१४मध्ये पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी तिची सोपी आवृत्ती आली, आणि त्याच वर्षी इंग्लंडने पाचव्या वर्षापासूनच्या अभ्यासक्रमात प्रोग्रॅमिंग घातलं. यात मुलांना मजा येते आणि एक मोलाची सवयही लागते: चुकलेला प्रोग्रॅम टाकून न देता नेमकं कुठे चुकलं ते शोधायचं. पण ‘कोडिंग शिकलं की विचारशक्तीच वाढते’ असं कुणी सांगितलं तर जरा थांबावं. रॉय पी आणि मिडियन कर्लंड यांनी १९८०च्या दशकात लोगो शिकलेल्या मुलांना संगणकाबाहेरचं नियोजनाचं काम दिलं, तेव्हा ती इतरांपेक्षा सरस ठरली नाहीत. उतारावरच्या चेंडूंनी जे दाखवलं तेच इथेही लागू पडतं: जी गोष्ट दुसरीकडे वापरली जावी असं वाटतं, ती उघडपणे शिकवावी लागते.

पडद्यावरच्या प्रयोगांचा उपयोग जिथे खरा प्रयोग शक्य नाही तिथे, म्हणजे ग्रहांच्या हालचालीसाठी वगैरे, निश्चित आहे. पण पडद्यावरची होडी नेहमी नियमाप्रमाणेच तरंगते. खरी होडी कधी गळते, कधी कलंडते, कधी कडेला चिकटते, आणि त्यातूनच ‘असं का झालं?’ निघतं.

पुस्तक चुकतं तेव्हा

प्राथमिकला शिकवणारा शिक्षक भाषा, गणित, चित्रकला, खेळ सगळंच शिकवतो. त्याने विज्ञानातला तज्ज्ञ असावं ही अपेक्षाच चुकीची आहे. त्याला भीती वाटते ती मुलांच्या प्रश्नांची. ‘मला माहीत नाही, आपण कसं शोधू?’ हे वाक्य त्या भीतीवरचा उतारा आहे, मात्र त्यातला दुसरा अर्धा भाग गाळून चालत नाही.

शिवाय पुस्तकही नेहमी बरोबर नसतं. पाण्याच्या ताटलीत पेटती मेणबत्ती ठेवून वर ग्लास उपडा घातला की मेणबत्ती विझते आणि पाणी ग्लासात वर चढतं. ‘ऑक्सिजन जळून संपला, म्हणून त्याची जागा पाण्याने घेतली,’ असं स्पष्टीकरण वर्षानुवर्षं छापलं गेलं. मेणबत्ती सगळा ऑक्सिजन संपण्याच्या बऱ्याच आधी विझते, आणि जळलेल्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड आणि वाफ तयार झालेली असते. पाणी मुख्यतः चढतं ते आतली तापून पसरलेली हवा थंड होऊन आकसते म्हणून. लक्ष देऊन पाहिलं तर पुरावा समोरच असतो: मेणबत्ती जळत असताना पाणी फारसं चढत नाही, ती विझल्यावर झपकन चढतं. पाठ्यपुस्तकातलं वाक्य मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी तपासावं यासाठी याहून सोपी संधी मिळणार नाही.

हे सगळं परीक्षेत कसं तपासायचं, असं शिक्षक हटकून विचारतात, आणि त्यांचं बरोबर आहे. जे तपासलं जातं तेच शिकवलं जातं. ‘ज्वलनासाठी कोणता वायू लागतो?’ हा प्रश्न पाठांतर मोजतो. त्याऐवजी असं विचारता येतं: एका मुलीने जाड मेणबत्तीवर मोठी बरणी आणि बारीक मेणबत्तीवर छोटी बरणी उपडी घातली. मोठ्या बरणीखालची मेणबत्ती उशिरा विझली. ती म्हणाली, ‘बरणी मोठी म्हणून.’ तिच्या प्रयोगात काय बदलशील, आणि का? ‘दोन्ही मेणबत्त्या सारख्या घेईन, नाहीतर मेणबत्तीमुळे झालं की बरणीमुळे हे कळणार नाही,’ असं लिहिणाऱ्या मुलाला पूर्ण गुण, मग वायूचं नाव लिहिताना त्याने काना-मात्रा चुकवली असली तरी.